माकडं की वानरं?

सिद्धगडाच्या पायथ्याच्या नारिवलीत किंवा माचीवरच्या वाडीत कुणाला विचारा, ‘इथे माकडं आहेत का हो?’ उत्तराआधी बहुधा उलटा प्रश्न येईल, ‘माकडं का वानरं?’ शहरातून आलेला माणूस इथे थोडा गडबडतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच. एक शब्द बोलण्यातला, दुसरा रामायणातला, एवढाच फरक. गावच्या माणसाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे प्राणी आहेत. माकड म्हणजे लालसर तोंडाचं, ठेंगणं, तपकिरी, हातातली पिशवी ओढणारं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, उंच, लांबलचक शेपटीचं, झाडावरून झाडावर झेप घेणारं. एकाची तक्रार सांगताना दुसऱ्याचं नाव चुकूनही येत नाही.

सिद्धगड हा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातला किल्ला, सह्याद्रीच्या मुख्य धारेला कोकणाच्या बाजूने चिकटलेला. बहुतेकांना तो ठाऊक असतो भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळे. आझाद दस्ता या क्रांतिकारी गटातले हे दोघे २ जानेवारी १९४३ रोजी याच जंगलात इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. हे रान आज भीमाशंकर अभयारण्यात मोडतं. शेकरूसाठी १९८५मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. शेकरूचं कौतुक खूप झालं. त्याच फांद्यांवर बसणाऱ्या दुसऱ्या मंडळींच्या नावांकडे मात्र कुणी फारसं पाहिलेलं नाही. ती नावं पाहू लागलं की वाट मुरबाडहून अजिंठ्याला, तिथून इजिप्तला, पाँडिचेरीला आणि आसामला जाते.

आधी प्राण्यांचं पाहू. गावकऱ्याने केलेली विभागणी शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. माकडाच्या गालात आतून पिशव्या असतात. शेतातलं, घरातलं, प्रवाशाच्या हातातलं खाणं तो प्राणी आधी त्या पिशव्यांत कोंबतो आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत चावतो. म्हणून त्याची चाल चोराची. वानराला गालाच्या पिशव्या नसतात. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात पानं आंबवून पचवली जातात. त्यामुळे त्याला पळवापळवीची तितकी घाई नसते. तो झाडावर बसून तासन् तास पाला ओरबाडत राहतो. प्राणिशास्त्राने या दोघांना एकाच कुळाच्या दोन वेगळ्या उपकुळांत टाकलं, ते मुख्यतः याच गाल आणि पोटाच्या फरकावरून. मुरबाडच्या शेतकऱ्याने तेच काम तोंडाचा रंग, शेपटी आणि सवयी बघून उरकलं होतं.

गंमत अशी की संस्कृत कोशकारांनी ही विभागणी केलेली नाही. अमरकोशात या प्राण्याला नऊ नावं सापडतात : कपि, प्लवंग, प्लवग, शाखामृग, वलीमुख, मर्कट, वानर, कीश आणि वनौकस. उड्या मारतो म्हणून प्लवंग आणि प्लवग, फांद्यांवरचं जनावर म्हणून शाखामृग, तोंडावर सुरकुत्या म्हणून वलीमुख, रानात घर म्हणून वनौकस. नऊच्या नऊ शब्द एकाच प्राण्याचे पर्याय म्हणून एका ओळीत बसवले आहेत. रामायणात काळ्या तोंडाच्या जातीसाठी गोलांगूल, म्हणजे गाईसारख्या शेपटीचा, असा वेगळा शब्द येतो खरा, पण कोशाच्या त्या रांगेत त्याला जागा मिळालेली नाही. मराठीने या नवांतले दोन शब्द रोजच्या बोलण्यासाठी उचलले आणि दोघांना वेगळ्या कामाला लावलं. मर्कट एका प्राण्याला दिला, वानर दुसऱ्याला. पर्यायी शब्दांतून भेद घडवायचा हा मराठीचा उद्योग मला फार आवडतो.

माकड हा शब्द मर्कटापासून आला, हे सरळ आहे. मर्कटाचं प्राकृतात मक्कड झालं आणि मक्कडाचं मराठीत माकड. कर्माचं कम्म आणि कम्माचं काम झालं त्याच नियमाने. कल्याण-भिवंडीकडच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते, तसा तिथे माकडाचाही माकर होतो. मर्कट हा मूळ शब्द कुठून आला याबद्दल मात्र विद्वानांचं एकमत नाही.

इंग्रजीत या प्राण्याच्या जातीला ‘मकाक’ म्हणतात. माकड आणि मकाक हे शब्द इतके सारखे ऐकू येतात की हा शब्द युरोपने आपल्याकडूनच नेला, असं कुणालाही वाटावं. तसं छातीठोकपणे सांगणारी माणसंही भेटतात. ते खरं नाही. मकाक हा शब्द फ्रेंचांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, काँगोच्या बाजूला, तिथल्या बांटू भाषांतून उचलला. तिथे त्याचा अर्थ तिथलीच माकडं. पुढे शास्त्रज्ञांनी हा आफ्रिकी शब्द प्रामुख्याने आशियातल्या प्राण्यांना चिकटवला. माकड आणि मकाक यांची गाठ पडली ती निव्वळ योगायोगाने.

वानर या शब्दाची व्युत्पत्ती कीर्तनकारांची लाडकी आहे. ‘वा नरः?’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’ ऐकायला छान आहे, पण भाषाशास्त्राला पटणारी नाही. शब्दाची मुळं ‘वन’मध्ये आहेत. वानर म्हणजे रानातला. तरी लोकांना त्यात ‘नर’ दिसला, यात नवल नाही. मलाय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे जंगल, त्यावरून ओरांगउटान. आपल्या लोकांनी वानरात जो रानमाणूस कल्पनेने पाहिला, तो तिथल्या लोकांनी उघडपणे नावातच घातला.

वानर म्हणताना ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये जिभेला एक ‘द’ सापडतो. म्हणून गुजरातीत वांदर, हिंदीत बंदर आणि आपल्या कित्येक बोलींत वांदर किंवा वांडर. यावरून मुंबईचं वांद्रे वानरांचं गाव ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. वांद्र्याचं नाव बहुधा दुसऱ्याच ‘बंदर’वरून आलं असावं, गलबतं लागण्याच्या जागेला म्हणतात त्या फारसी शब्दावरून.

तळकोकणात लाल तोंडाच्या माकडाला केलडं किंवा केल्टं म्हणतात, तर काळ्या तोंडाच्या कळपातला दांडगा नर सगळीकडे हुप्प्या. हुप्प्या हे नाव आवाजावरून आलं आहे, पहाटे दरीतून येणाऱ्या त्या घुमणाऱ्या हाकेवरून. बिबट्या दिसला की तोच प्राणी हाक सोडून खाकरल्यासारखा कर्कश आवाज काढतो. रानात फिरणाऱ्याला हे दोन आवाज वेगळे ओळखता आले पाहिजेत. लंगूर हा आता मराठीतही रुळलेला शब्द मात्र हिंदीतून आला. त्याचं मूळ लांगूल, म्हणजे शेपूट. हिंदीने शेपूट पाहून नाव ठेवलं, आपण ओरडणं ऐकून.

या भागाच्या नकाशावरही हे प्राणी आहेत. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून गेलं की जीवधन किल्ल्याच्या कड्याला लागून एक सुळका उभा आहे, त्याचं नाव वानरलिंगी. बेलपाड्याहून कोकणकड्याकडे जाणाऱ्या वाटांमध्ये नळीच्या वाटेजवळच माकडनाळ आहे. या अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेल्या नाळेतून वर जायचं म्हणजे चारी हातापायांचं काम, त्यामुळे नावाचा अर्थ विचारायची गरज पडत नाही. झाडाझुडपांतही ही नावं आहेत. माकडलिंबू नावाचं काटेरी झुडूप सह्याद्रीत जागोजागी आढळतं.

आणि मग खाजकुयली. हिवाळ्यात तिच्या केसाळ शेंगा तयार होतात, तेव्हा ओळखत नसलेला माणूस त्यांना एकदाच हात लावतो. त्या लवेतल्या द्रव्यांनी कातडीची जी आग होते, ती पाण्याने धुऊनही चटकन जात नाही. संस्कृतात या वेलीला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडखाज. मर्कटी हेही तिचंच नाव. तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा नावाचं द्रव्य असतं, कंपवातावर आधुनिक वैद्यक वापरतं तेच.

इथे आपण तिसऱ्या शब्दापाशी आलो, कपिपाशी. मराठी माणूस रानात कपि बघत नाही. कपि असतो तो स्तोत्रात, नाहीतर कपिध्वज अर्जुनाच्या रथावर. पण जिथे तो आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही, अशा ठिकाणी तो मुक्काम ठोकून बसला आहे. महाशिवरात्रीला खातात ते कवठ हे मूळचं कपित्थ, माकडं ज्याच्यावर असतात ते झाड. ‘प’चा ‘व’ झाला, ‘त्थ’चा ‘ठ’ झाला, आणि कपि त्यात मुरून गेला. सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ या नावातही हाच कपि दडलेला आहे. कपिल या रंगवाचक शब्दाचा अर्थ कोशकार माकडाच्या रंगाचा, तांबूस तपकिरी असा देतात. म्हणजे गोठ्यातली कपिला गाय आणि कपिलाषष्ठीचा योग यांतही तो हजर आहे.

कपि शब्द कुठून आला? आपल्या व्याकरणपरंपरेत उणादिसूत्रांनी तो ‘कम्प्’ धातूवरून साधला आहे. थरथरणारा, क्षणभर स्थिर न बसणारा, तो कपि. प्राण्याचा स्वभाव पाहिला तर हे पटतं. पण हीच ध्वनिरूपं जवळपास त्याच अर्थाने भारताच्या पश्चिमेलाही सापडतात. हिब्रू बायबलच्या राजांच्या पहिल्या पुस्तकात सॉलोमन राजाची जहाजं तीन वर्षांतून एकदा सोनं, चांदी, हस्तिदंत, माकडं आणि बहुतेकांच्या मते मोर घेऊन येत, असं लिहिलं आहे. तिथे माकडांसाठी ‘कोफ’ हा शब्द येतो. ग्रीकमध्ये ‘केबोस’ किंवा ‘केपोस’. सॉलोमनच्या सोन्याचं ओफीर बंदर म्हणजे आपलं जुन्या ठाणे जिल्ह्यातलं सोपारा, असंही काही विद्वानांनी मांडून पाहिलं. नाणेघाट उतरून मुरबाडच्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याला माल जात असे, तेव्हा माकडंही आणि त्यांचं नावही इथूनच गलबतात चढलं, अशी गोष्ट रचायला किती सोपी आहे!

पण मग इजिप्त मध्ये येतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन लिखाणात माकडासाठी ‘गफ’सारखा शब्द आहे. वेदांची रचना होण्याच्याही तो आधीचा. त्यामुळे शब्द आपल्याकडून तिकडे गेला, असा दावा करायला जागाच राहत नाही. तो तिकडून इकडे आला असेल, किंवा दोन्हीकडे कुठल्या तिसऱ्याच भाषेतून गेला असेल, किंवा हाही मकाकसारखा योगायोग असेल. ‘आमचाच शब्द जगभर गेला’ या हौसेला इथे आवर घालावा, हे उत्तम.

प्राचीन भारतात कपि म्हटलं की शेपटीचाच प्राणी डोळ्यांसमोर येई. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपि जातकाचं चित्र आहे. कळपाला नदीपार नेण्यासाठी स्वतःच्या शरीराचा पूल करणारा तो राजा साधा रानातला माकडराजा आहे. मग आधुनिक मराठीतल्या प्राणिशास्त्राला एक अडचण आली. गोरिला, चिंपँझी, ओरांगउटान आणि गिबन या बिनशेपटीच्या, माणसाच्या जवळच्या प्राण्यांना काय म्हणायचं? माकड आणि वानर हे दोन्ही शब्द आधीच कामात गुंतलेले. तेव्हा रिकामा बसलेला कपि उचलला गेला. म्हणजे ज्याला शेपूट होती त्याच नावाची शेपूट छाटली आणि ते बिनशेपटीच्या प्राण्याला दिलं. एवढं मात्र खरं की शेपटीचा हिशेब मराठीने शरीरशास्त्रात अचूक ठेवला आहे. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक, शेपटीची उरलेली खूण, तिला आपण माकडहाड म्हणतो. ते कपींनाही आहे आणि आपल्यालाही.

कपींमधला धाकटा तो गिबन. त्याच्या वीसच्या आसपास जाती आहेत. भारतातला तो एकमेव कपि. ईशान्येच्या जंगलात, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला तो राहतो. आसामीत त्याला हलौ म्हणतात, शास्त्रीय नाव हूलॉक. जोरहाट जिल्ह्यातलं होल्लोंगापार हे अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी १९९७मध्ये जाहीर झालं. ते जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या मधून आगगाडी जाते. रुळांनी झाडांच्या फांद्यांची ओळ तोडली, आणि जमिनीवर न उतरणाऱ्या या प्राण्याची पलीकडे जायची वाटच बंद झाली. हूलॉकचं वजन सहा ते आठ किलो भरतं. सिद्धगडावरचा मोठा हुप्प्या पंधरा ते वीस किलोचा असतो. म्हणजे प्राणिशास्त्राच्या उतरंडीत माणसाच्या अधिक जवळचा असलेला कपि आपल्या साध्या वानराच्या निम्म्याहूनही हलका. कपि आणि वानर यांच्यातला फरक आकाराचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावं. गिबनला शेपूट नाही, फांदीवरून तो चालत नाही तर हातांनी झोके घेत जातो, आणि सकाळी नर-मादी जोडीने गातात.

या धाकट्या कपीला गिबन हे नाव कसं मिळालं, ही सगळ्यांत गुंत्याची गोष्ट. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले १७५४मध्ये पदावरून दूर होऊन मायदेशी परतला. त्याने पूर्वेकडून एक लांब हातांचा प्राणी नेला होता आणि त्याचं नाव गिबन म्हणून सांगितलं होतं. निसर्गाचा इतिहास लिहिणाऱ्या बुफाँने १७६६मध्ये आपल्या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात तो वर्णिला आणि डुप्लेने दिलेलं नाव कायम केलं. बुफाँला आधी वाटलं, हा भारतीय शब्द असणार. भारतातल्या कुठल्याही भाषेत तसा शब्द सापडलेला नाही. मग जुने ग्रंथ चाळताना त्याला आढळलं की ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने एका माकडाला ‘केइपॉन’ म्हटलं आहे. त्यावरून गिबन आला असावा, असा तर्क त्याने लढवला. केइपॉन म्हणजे वरचं तेच केपोस, आणि कपीशी ज्याचं नातं असण्याची शक्यता आहे तेच. बुफाँचं म्हणणं खरं असेल तर कपि आणि गिबन ही एकाच शब्दाची दोन टोकं ठरतात. मला स्वतःला हा तर्क फार ओढूनताणून केलेला वाटतो. पाँडिचेरीच्या गव्हर्नराने प्राण्याला स्ट्रॅबोतलं नाव कशाला द्यावं? त्यातही अ‍ॅरिस्टॉटलने केबोस म्हणजे शेपटी असलेलं माकड अशी व्याख्या करून ठेवली आहे, आणि गिबनला तर शेपूटच नाही.

पण युरोपच्या प्राणिशास्त्रज्ञांनी लांबच्या प्राण्यांना ग्रंथातली नावं देण्याची रीत पुढे चालवली, हेही खरं. आपल्या हनुमान लंगुराचं शास्त्रीय नाव एन्टेलस. व्हर्जिलच्या महाकाव्यात एन्टेलस नावाचा एक म्हातारा मुष्टियोद्धा आहे, त्याचं हे नाव. वर प्रजातीच्या ग्रीक नावाचा अर्थ पूज्य माकड, एवढी तरी दखल भारताची घेतली. आपल्याकडे काळ्या तोंडाचं कारण घरोघर माहीत आहे. लंका जाळताना हनुमंताचं तोंड काळवंडलं, ते तसंच राहिलं. (मग गावोगावचे मारुती शेंदूर फासून लाल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.) दक्षिण भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाला शास्त्रीय नाव तरी प्राण्याकडे बघून मिळालं. रेडिएटा, म्हणजे डोक्याच्या मध्यापासून चहूकडे पसरलेले केस. माथेरानच्या प्रवाशांच्या हातचं खाणं पळवणारी माकडं तीच. पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी या नद्यांच्या उत्तरेला त्यांची जागा ऱ्हीसस माकड घेतं, दिल्ली-मथुरेला दिसतं ते. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस हळूहळू दक्षिणेकडे सरकतो आहे. दोघांत फरक करायचा तर शेपूट पाहावी. दक्षिणेतल्या माकडाची शेपूट लांब, ऱ्हीससची आखूड.

ऱ्हीसस हे नाव फ्रेंच निसर्गचित्रकार ओदबेर याने १७९८च्या सुमारास दिलं. ऱ्हीसस हा ग्रीक महाकाव्यातला थ्रेस देशाचा राजा. माकडाचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही. पण या राजाचं नाव मुरबाडच्या दवाखान्यातल्या रक्ताच्या कागदावरही असतं. रक्तगटापुढे लिहितात तो ‘आरएच’ म्हणजे ऱ्हीसस. १९४०मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तापासून तयार केलेल्या सीरमने माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा बहुतेकांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या, थोड्यांच्या झाल्या नाहीत. त्यावरून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशी विभागणी झाली. पुढे लक्षात आलं की माकडाच्या रक्तातला तो घटक आणि माणसाच्या रक्तातला घटक मुळात एक नाहीत. माकडाच्या रक्ताने उघड केलेल्या खऱ्या घटकाला त्या दोघा शास्त्रज्ञांच्या आद्याक्षरांवरून एलडब्ल्यू असं वेगळं नाव देण्यात आलं, आणि माणसाच्या रक्तावर आरएच तसंच राहिलं.